नसलेल्या स्क्रूची गोष्ट

रात्री अचानक वीज गेलेली. मोबाइल शेवटच्या दोन टक्क्यांवर. चाचपडत पॉवर बँक सापडते, केबल सापडते, आणि तुम्ही यूएसबीचं ते जुनं, चपटं टोक फटीत सरकवू बघता. जात नाही. उलटं करता. तरी जात नाही. पुन्हा पहिल्यासारखं धरता, आणि आता जातं!

असं होतं, कारण त्या टोकाचं बाहेरचं कवच बोटांना एक सांगतं आणि आतली पट्टी दुसरंच. कवच म्हणतं, ‘मी वरून-खालून सारखाच आहे.’ पट्टी म्हणते, ‘मुळीच नाही.’ बोटं बिचारी कवचावर विश्वास ठेवतात आणि दोन-तीन सेकंद फुकट जातात. घरी त्याचं काही वाटत नाही. पण असंच एखादं टोक बसवणं हे कुणाचं दिवसभराचं काम असेल तर? चाकणला किंवा वाळूजला असेंब्ली लाइनवर उभं राहून, एका पाळीत पाचशे वेळा?

आता खरी गंमत. हे वाया जाणारे सेकंद वस्तू जन्माला येण्याआधीच मोजता येतील का? साचा बनलेला नाही, पार्ट ओतलेला नाही, संगणकावर नीट चित्रसुद्धा नाही; कागदावर पेन्सिलीचं एक गिचमिड रेखाटन आहे, बस्स. तेवढ्यावरून कुणी सांगू शकेल का, की ही वस्तू जुळवायला एकशे साठ सेकंद लागतील आणि त्यातले शंभराहून अधिक तुम्हाला वाचवता येतील?

सांगता येतं. त्यासाठी सॉफ्टवेअर आहे, चाळीसेक वर्षांपासून आहे, आणि त्याची गोष्ट सुरू होते एका थरथरणाऱ्या वाडग्यापासून.

१९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या सॅल्फर्ड इथे जेफ्री बूथरॉइड नावाचे अभियंते यंत्रांकडून वस्तू जुळवून घेण्याच्या मागे लागले होते. यंत्राला स्क्रू बसवायला शिकवणं तुलनेनं सोपं. अवघड काय, तर तो स्क्रू यंत्राच्या हातात नीट, एकाच दिशेला तोंड करून देणं. पिशवीतून हजार स्क्रू ओतले तर ते हजार दिशांना तोंड करून पडतात. त्यांना रांगेत उभं कोण करणार?

ते काम करतो कंपनांवर चालणारा वाडगा. धातूचं एक मोठं पातेलं डोळ्यासमोर आणा. त्याच्या आतल्या भिंतीवर जिन्यासारखी गोल गोल वर चढणारी अरुंद वाट आहे. खाली विद्युतचुंबक आणि तिरप्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा. वीज सुरू केली की पातेलं बारीक थरथरू लागतं आणि आतले स्क्रू चक्क चढ चढू लागतात! कुणी ढकलत नाही, कुणी ओढत नाही. प्रत्येक कंपनासरशी स्क्रू केसभर उडतो आणि केसभर पुढे पडतो. डोळ्यांना दिसतं ते एवढंच, की स्क्रूंची एक वरात शिस्तीत वर निघाली आहे.

त्याहून मोठं नवल पुढे आहे. वाटेत एके ठिकाणी भिंत थोडी पुढे आलेली असते, एके ठिकाणी वाट अर्धी कापलेली असते. योग्य दिशेला तोंड असलेला स्क्रू तिथून निभावून जातो. आडवा-तिडवा असलेला तोल जाऊन परत पातेल्यात पडतो आणि पुन्हा चढू लागतो. कॅमेरा नाही, संगणक नाही. नुसत्या खाचा आणि उंचवटे. तरी वरच्या टोकाला पोचलेला प्रत्येक स्क्रू डोकं वर करून उभा!

असा वाडगा प्रत्येक पार्टसाठी वेगळा घडवावा लागतो. म्हणून बूथरॉइड आणि त्यांचे सहकारी पार्टांची वर्गवारी करू लागले. हा गोल, हा लांबट, हा चपटा. याची दोन्ही टोकं सारखी, याची वेगळी. हा दुसऱ्यात अडकतो, हा अडकत नाही. १९६७ मध्ये बूथरॉइड अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात, अ‍ॅमहर्स्टला गेले आणि तिथे हे काम वाढत गेलं. वाढता वाढता एक गोष्ट लक्षात आली. जो पार्ट वाडग्याला सरळ करता येत नाही, तोच माणसाच्या हातालाही त्रास देतो. यंत्राला समजावण्यासाठी केलेली यादी खरं तर माणसाच्या बोटांच्या अडचणींची यादी होती.

मग प्रश्न उलटा फिरला. अवघड पार्टसाठी हुशार यंत्र शोधत बसण्यापेक्षा पार्टच सोपा का करू नये?

सोपा म्हणजे काय, हे मात्र मोजता आलं पाहिजे. इथे एक सुंदर युक्ती आहे आणि ती तुम्ही बसल्या जागी करून बघू शकता. एक गोटी घ्या. तिला एका गोल खळग्यात ठेवायचं आहे. कशीही उचला, कशीही ठेवा, फिरवायची गरजच नाही. आता न वापरलेला, दोन्ही टोकं सारखी असलेला खडू घ्या आणि नळीत घाला. फार तर अर्धा फेरा फिरवावा लागेल. नंतर रिमोटमधला पेन्सिल सेल. तो स्वतःभोवती कसाही फिरला तरी चालतो, पण त्याला डोकं आणि पाय आहेत; उलटा हातात आला तर टोकाची अदलाबदल करावीच लागते. आणि शेवटी दाराची किल्ली. तिचं टोक कोणतं हे बघायचं, शिवाय दात कोणत्या बाजूला हेही बघायचं.

या फिरवण्याचे दोन कोन आहेत. टोकाशी टोक बदलण्याचा तो अल्फा आणि स्वतःभोवती गिरकी घेण्याचा तो बीटा. गोटीचे दोन्ही शून्य. खडूचा अल्फा १८०, बीटा शून्य. सेलचा अल्फा ३६०, बीटा शून्य. किल्लीचे दोन्ही ३६०, म्हणजे बेरीज ७२०. एखादी वस्तू हाताला किती छळणार आहे ते शून्य ते ७२० मधल्या एका आकड्यात मावतं! जुन्या यूएसबीचा छळ आता नेमका मांडता येतो. दिसायला त्याचा बीटा १८० आहे, असायला मात्र ३६०. नंतर आलेल्या टाइप-सी टोकाचा बीटा खरोखरच १८० आहे, आणि म्हणून ते अंधारातही पहिल्याच फटक्यात बसतं.

बूथरॉइड यांच्या तक्त्यांत या बेरजेपुढे सेकंद लिहिलेले आहेत. बोटांत नीट मावेल एवढा, पुरेसा जाड पार्ट असेल आणि बेरीज ३६० च्या खाली असेल, तर तो उचलून नीट धरायला १.१३ सेकंद. सेलसारखा असेल तर १.५. पूर्ण ७२० असेल तर १.९५. शतांश सेकंदापर्यंत!

तक्ता पुढे वाचावा तसतशी आपली रोजची धडपड त्यात भेटत जाते. पंगतीला द्रोण वाढताना एकात एक बसलेले द्रोण सुटता सुटत नाहीत, आठवतं? तक्त्यात त्याची नोंद आहे. एकमेकांत घट्ट रुतणाऱ्या किंवा गुंतणाऱ्या पार्टांना ४.१ सेकंदांपासून पुढे. स्प्रिंगांचा गुंता त्यातच. चिमट्यानंच उचलावं लागेल असा बारीक, बोटांतून निसटणारा, टोचणारा, दोन हातांनी धरावा लागणारा, अशा प्रत्येक कटकटीला दंड ठरलेला.

पार्ट बसवण्याचा तक्ता वेगळा. वरून सरळ ठेवला आणि आपोआप जागेवर बसला, तर दीड सेकंद. पण ठेवल्यावर तो पडेल म्हणून एका हातानं धरून ठेवावा लागला तर? साडेपाच. ‘जरा धर रे एवढं’ असं शिडीवरून पंखा लावणारा माणूस म्हणतो, त्या वाक्याची किंमत चार सेकंद! कुणीतरी बसून ही किंमत काढली, याचंच मला कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं.

जपानमध्ये हिताची कंपनीतही १९७० च्या दशकात अशीच एक पद्धत घडत होती. तिचा गाभा आणखी साधा. पार्ट वरून खाली सरळ सोडता आला तर पैकीच्या पैकी गुण. बाजूनं सरकवावा लागला, खालून घालावा लागला, फिरवावा लागला, की गुण कापले. वरून खाली का? कारण ते काम पृथ्वी आपल्यासाठी फुकट करते. चार पुडांचा डबा भरताना आपण पुडं एकावर एक ठेवत जातो आणि शेवटी एक कडी लावतो. तोच डबा भिंतीला आडवा धरून भरायचा असता तर? १९८३ मध्ये बाजारात आलेलं स्वॉच घड्याळ या विचाराचं फार देखणं उदाहरण आहे. त्याच्या आधीच्या घड्याळांत ९० च्या वर भाग असत; यात ५१. घड्याळाची पाठ हीच आतल्या यंत्राची बैठक केली आणि सगळे भाग वरच्या एकाच बाजूनं आत सोडले. डबा भरावा तसे.

पण सेकंद मोजणं ही या गोष्टीची अर्धीच बाजू. खरी चमक आहे तीन प्रश्नांत.

बूथरॉइड आणि त्यांचे सहकारी पीटर ड्यूहर्स्ट यांनी ठरवलं, की वस्तूतल्या प्रत्येक पार्टला उभं करून तीन गोष्टी विचारायच्या. वस्तू चालू असताना तू बाकीच्या जुळलेल्या भागांच्या तुलनेत हलतोस का? तुझा पदार्थ वेगळाच असणं, किंवा तुला इतरांपासून अलग ठेवणं, हे अगदी भाग आहे का? आणि तू वेगळा नसशील तर बाकीचे भाग आत घालता किंवा बाहेर काढता येणारच नाहीत, असं आहे का? तिन्हींना उत्तर ‘नाही’ आलं, तर त्या पार्टला स्वतंत्र असण्याचा हक्क नाही. तो शेजारच्या पार्टमध्ये विरघळू शकतो.

इतके बाळबोध प्रश्न! पाचवीतलं पोर विचारील असे. आणि म्हणूनच अनुभवी माणूस ते विचारत नाही. ‘ही पट्टी इथे स्क्रूनंच लावतात’ हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की पट्टी मुळात कशाला, हा प्रश्न सुचतच नाही.

त्यांच्याच पुस्तकातलं एक उदाहरण घेऊ. दोन पोलादी दांड्यांवरून सरकणारी एक मोटर. मोटर आणि एक सेन्सर धातूच्या बैठकीवर बसवायचा आणि सगळं झाकायचं. झाकण मात्र काढता यायला हवं, कारण सेन्सर पुढेमागे करावा लागतो. पहिल्या आराखड्यात १९ पार्ट होते. बैठक, तिच्यात दोन बुश, मोटर, तिचे दोन स्क्रू, सेन्सर, त्याचा एक स्क्रू, मग झाकणाची पट्टी उभी राहावी म्हणून दोन खांब, ती पट्टी, तिचे दोन स्क्रू, तारांसाठी प्लास्टिकचा बुश, बाहेरचं आवरण आणि त्याचे चार स्क्रू. बघा, यात कुठेही वेडेपणा नाही. कुठलाही चांगला अभियंता असाच आराखडा करील.

आता तीन प्रश्न. बैठक हवीच, कुणापासून तरी सुरुवात करायची आहे. दोन बुश? बैठकीत ते हलत नाहीत. घर्षण कमी व्हावं म्हणून वेगळा पदार्थ आहे खरा, पण बैठकच नायलॉनची केली तर? बाद. मोटर हवी. सेन्सर हवा. मोटरचे स्क्रू, सेन्सरचा स्क्रू, पट्टीचे, आवरणाचे? स्क्रू तर कधीच पास होत नाही. दोन वस्तू धरून ठेवणं एवढंच त्याचं काम, आणि ते काम त्या वस्तूंनाच देता येतं. दोन खांब, बाद. तारांचा बुश पट्टीतच होऊ शकतो. आवरण आणि पट्टी एकच होऊ शकतात. मोजा, किती उरले?

चार. एकोणीसमधले फक्त चार.

इथे ते एक गुणोत्तर काढतात. आदर्श पार्ट उचलायला १.१३ आणि ठेवायला १.५ सेकंद, म्हणजे ढोबळ मानानं तीन. चार अटळ पार्टांचे बारा सेकंद. प्रत्यक्ष आराखड्याला लागणारा वेळ १६० सेकंद. बाराला १६० नं भागा, साडेसात टक्के. म्हणजे जुळवणाऱ्याच्या दर शंभर सेकंदांतले साडेब्याण्णव वस्तूच्या कामाशी थेट संबंध नसलेल्या गोष्टींत जात होते. आराखडा चुकीचा नसताना!

नव्या आराखड्यात नायलॉनची बैठक आणि खटकन बसणारं एकसंध प्लास्टिकचं आवरण आलं. पार्ट सात, वेळ ४६ सेकंद. चार का नाहीत? कारण मोटरचे दोन स्क्रू आणि सेन्सरचा एक स्क्रू ठेवावेच लागले. मोटर विकत घेतलेली, तिची भोकं तिच्या कंपनीनं ठरवलेली. मला हे फार आवडतं. चार हा आकडा क्षितिजासारखा आहे. तिथे पोचायचं असं नाही. आपण कुठे उभे आहोत, हे त्याच्याकडे बघून कळतं.

इथवर सगळं कागदावर होतं, जाडजूड तक्त्यांच्या पुस्तकात. आणि पुस्तकाची एक अडचण असते. घाईतला माणूस ते उघडत नाही. प्रत्येक पार्टसाठी दोन तक्ते, त्यांतली रांग, त्यांतला रकाना, मग बेरीज. आणि आराखडा जरा बदलला की पुन्हा पहिल्यापासून. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ड्यूहर्स्ट यांनी हे सगळं अ‍ॅपल टू प्लस या तेव्हाच्या घरगुती संगणकावर चढवलं. आजच्या साध्या फोनपुढे तो संगणक म्हणजे पाटी-पेन्सिल. पण या कामाला पाटी पुरत होती, कारण सॉफ्टवेअरला वस्तूचा आकार माहीत असण्याची गरजच नव्हती!

थांबून विचार करा याचा. आपल्याला वाटतं, संगणकानं आराखडा तपासायचा तर त्याला त्रिमिती चित्र लागेल, प्रत्येक वळण, प्रत्येक भोक लागेल. पण तसं चित्र तयार होतं तेव्हा उशीर झालेला असतो. साचे मागवायची बोलणी सुरू झालेली असतात, प्रत्येक पार्ट कुणाचा तरी लाडका झालेला असतो. हे सॉफ्टवेअर त्याच्या कितीतरी आधी येऊन शेजारी बसतं आणि फक्त विचारतं. साधारण केवढा आहे? उलटा धरला तर चालेल का? एका हातात मावतो का? ठेवल्यावर पडतो का? बसवताना दिसतो का, की चाचपडावं लागतं? आणि पार्टमागून पार्ट, न कंटाळता, ते तीन प्रश्न. उत्तरं माणूस देतो, अंदाजानं दिली तरी चालतात. पडद्यावर सेकंद बदलत जातात. एक पार्ट खोडला की आकडा घसरतो. हा खेळ लागतो माणसाला.

आणि न कंटाळता विचारणं हीच त्यातली मोठी ताकद आहे. बैठकीत नवा मुलगा ज्येष्ठांना ‘हा खांब कशाला?’ असं विचारायला कचरतो. सॉफ्टवेअरला भीड नाही. पडद्यावर प्रश्न आला की ज्येष्ठांनाही त्याचं उत्तर द्यावं लागतं, आणि कुणाचा अपमान होत नाही.

१९८३ मध्ये बूथरॉइड आणि ड्यूहर्स्ट यांनी कंपनी काढली, १९८५ मध्ये दोघेही र्‍होड आयलंड विद्यापीठात गेले, आणि १९९१ मध्ये अमेरिकेनं दोघांना तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय पदक दिलं. स्क्रू कमी केल्याबद्दल राष्ट्रीय पदक! पण त्या स्क्रूंनी काय काय पालटलं ते बघितलं की पदक पटतं.

आयबीएमचा प्रोप्रिंटर घ्या, १९८० च्या दशकाच्या मध्यातला. त्याआधी आयबीएम एप्सनचा एमएक्स-८० हा प्रिंटर आपल्या नावानं विकत असे. त्यात १५२ पार्ट, जुळवायला १८६६ सेकंद, अर्ध्या तासाहून जास्त. प्रोप्रिंटरमध्ये ३२ पार्ट आणि १७० सेकंद. तीन मिनिटांच्या आत. तो बनवला होता रोबोंसाठी. रोबोच्या हाताला कौशल्य नाही, म्हणून प्रत्येक पार्ट वरून खाली, सरळ, खटकन बसेल असा केला. आणि सगळं झाल्यावर दिसलं ते हे, की वस्तू इतकी सोपी झाली आहे की माणसाच्या हातांनीही ती स्वस्तात आणि झटपट जुळते. यंत्राला जमावं म्हणून जे सोपं केलं, ते माणसाला त्याहून सोपं गेलं. थरथरत्या वाडग्यातून निघालेला धागा इथे परत येतो.

स्क्रूवर एवढा राग का, असं वाटेल. तक्त्यात बघा. सहज बसणारा स्क्रू घालून आवळायला सहा सेकंद, खटक्याला दोन. शिवाय स्क्रू उचलायचा, पेचकस उचलायचा, ठेवायचा. शिवाय स्क्रू मागवायचे, साठवायचे, मोजायचे. एखादा वाकडा जातो, आटे खातो. एखादा आतच पडतो आणि वस्तू हलवली की खुळखुळतो. जो स्क्रू आराखड्यातच नाही, तो सैल होत नाही, गंजत नाही, हरवत नाही.

काही ठिकाणी पार्ट दोन्ही बाजूंनी सारखा करताच येत नाही. तेव्हा उपाय नेमका उलटा, वेगळेपणा ठळक करा. सिमकार्डाचा एक कोपरा कापलेला असतो ना, तो त्यासाठीच. बाजू ओळखायला वाचावं लागत नाही, अंगठ्याला कळतं.

आता या गोष्टीतला एक कोपरा मला विशेष आवडतो तो सांगतो. पार्ट कोणते ते ठरलं, पण ते कोणत्या क्रमानं लावायचे? चार पार्ट असतील तर मांडायचे क्रम २४. सातांचे ५,०४०. एकोणिसांचे? कागदावरचे सगळे क्रम एका सेकंदाला एक या वेगानं तपासायला बसलात, तर सुमारे ३८५ कोटी वर्षं लागतील. पृथ्वीचं वय साधारण ४५४ कोटी. त्या साध्या मोटरच्या पहिल्या आराखड्याचे क्रम मोजायला पृथ्वीवर पहिली जीवसृष्टी उमलत होती तेव्हापासून बसायला हवं होतं! सात पार्टांचे क्रम मात्र दीड तासात संपतात. पार्ट कमी करण्यात काय दडलं आहे, ते असं कळतं.

अर्थात त्या अफाट क्रमांतले बहुतेक अशक्य असतात. आवरण आधी लावून मोटर नंतर कशी घालणार? पण अशक्य कोणते, हे संगणकाला कसं कळावं? इथे संशोधकांनी एक जुनी घरगुती युक्ती वापरली. गणपतीचं मखर सोडवताना आपण काय करतो? प्रत्येक तुकड्यामागे पेन्सिलीनं आकडा घालतो. जो शेवटी सुटला तो पुढच्या वर्षी पहिला लागणार. संगणकही तेच करतो. जुळलेली वस्तू घेतो आणि मनातल्या मनात सोडवायला लागतो. सुटलेल्या मालिकेला उलटं वाचलं की जुळणीचा क्रम हातात!

पण सोडवायचं कोणत्या दिशेनं? वर, खाली, तिरपं, दिशा तर अनंत. स्टॅनफर्डमध्ये रँडल विल्सन आणि जाँ-क्लोद लातोंब यांनी १९९० च्या दशकात याला जे उत्तर दिलं ते वाचून मी पुस्तक मिटून जरा वेळ नुसता बसून राहिलो. दिशा अनंत असल्या तरी, एका दिशेनं सरकताना कोण कुणाला अडवतो ही यादी प्रत्येक दिशेला बदलत नाही. वाड्याच्या चौकात उभं राहून सावकाश स्वतःभोवती फिरा. समोर दार आहे. थोडं वळलात तरी दारच आहे. चौकट ओलांडली की भिंत लागते, आणि मग बराच वेळ भिंतच. दृश्य फक्त कडांवर बदलतं. तसंच इथे. अनंत दिशांची मोजकी दालनं पडतात आणि प्रत्येक दालनात अडवाअडवीची यादी एकच राहते. अनंत प्रश्न मूठभर झाले! संगणकानं प्रत्येक दालनाची एक यादी तपासायची, जो कुणाकडूनच अडत नाही तो आधी बाहेर.

मात्र ही उलटी वाट कडक पार्टांसाठी. खटका आत जाताना वाकतो आणि नंतर बाहेर येत नाही. तिथे सोडवणं आणि जुळवणं एकमेकांचं उलट राहत नाही. आणि इथेच मला या सगळ्या नवलाईत एक काटा बोचतो. माझे एक चांगले हेडफोन केवळ आतली बॅटरी थकली म्हणून टाकून द्यावे लागले. उघडायला जागाच नव्हती. सगळं खटक्यांनी आणि गोंदानं बंद. तिसऱ्या प्रश्नात ‘बाहेर काढता येणं’ आहे, पण ते कुणासाठी? कारखान्यासाठी, की दहा वर्षांनी माझ्यासाठी? सॉफ्टवेअर प्रश्न विचारतं. उत्तर देणाऱ्यानं दुरुस्ती करणाऱ्याची आठवण ठेवली नाही, तर ते ती करून देत नाही. स्क्रू काढून टाकण्यासारखा असतो हे खरं. एखादा स्क्रू मात्र, बॅटरीच्या झाकणावरचा, मला परत हवा आहे. दुसरी अडचण अशी, की चार पार्टांचा एक केला की त्याचा साचाही गुंतागुंतीचा होतो. म्हणून पुढे बूथरॉइड आणि ड्यूहर्स्ट यांनी पार्ट बनवण्याचा खर्च मोजणारी साधनं जोडीला आणली. आधी जुळणी सोपी करा, मग बनवण्याची किंमत तपासा, आणि दोन्हींचा मेळ बसेपर्यंत रेखाटन खोडत राहा. रबर स्वस्त असतो तोवरच.

या साधनांचा सगळ्यात बोलका पुरावा मात्र एका माणसानं दिला. अमेरिकेतल्या एनसीआर कंपनीनं १९८० च्या दशकाच्या अखेरीस दुकानांतल्या गल्ल्यावरचं एक नवं यंत्र केलं, नाव २७६०. त्याच्या रचनेत हेच सॉफ्टवेअर वापरलं होतं. आधीच्या यंत्रापेक्षा पार्ट सुमारे ८५ टक्के कमी, पुरवठादार ६५ टक्के कमी, जुळवायला आधीच्या एक चतुर्थांश वेळ. स्क्रू एकही नाही, सगळे भाग एकमेकांत खटकन बसणारे. ज्या अभियंत्यानं ते रचलं, तो टेबलापाशी बसायचा, डोळ्यांवर पट्टी बांधायचा, आणि नुसत्या बोटांनी चाचपत, एकेक पार्ट उचलून, दोन मिनिटांच्या आत पूर्ण यंत्र जुळवून दाखवायचा.